डावा कौल

माझ्या मुलीच्या शाळेत या टर्मला इतिहासाचा प्रोजेक्ट होता. विषय तिनंच निवडला: तीनचारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या चेटकिणी आणि त्यांच्यावर चाललेले खटले. इथं आखातात, करामातल्या आमच्या घरात टेबल एकच. त्यावर तिचा चार्टपेपर पसरलेला, त्यामुळे आठवडाभर आम्ही तिघंही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. बायको करवादत होती. मी मात्र खुशीत होतो. पोरगी मोबाइल बाजूला ठेवून काहीतरी वाचतेय, म्हटलं चालू दे.

रोज जेवताना ती एकेक गोष्ट सांगायची. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. गावात कुणाची गाय आटली, कुणाचं मूल तापानं गेलं, कुणाच्या शेतात गारा पडल्या, की लोक आधी आठवायला लागायचे, गेल्या महिन्यात आपलं कुणाशी वाजलं होतं? बहुतेक वेळा एखादी एकटी राहणारी म्हातारी सापडायची. मग तिची परीक्षा. हातपाय बांधून, कमरेला दोर लावून पाण्यात सोडायचं. तरंगली तर चेटकीण, कारण पाण्यानं तिला घेतलं नाही. बुडाली तर निर्दोष. दोर वेळेवर ओढला तर जगायची, नाहीतर निर्दोष म्हणून मरायची. कुठं अंगभर सुया टोचून बघायचे, न दुखणारी जागा सापडते का ते.

"दे वेअर सो डंब, बाबा," मुलगी म्हणाली.

"अडाणी गं," मी म्हणालो. "शिक्षण नाही, काही नाही. काय करणार बिचारे!"

बिचारे म्हणालो मी. भात कालवत, पाय पसरून बसून, मेलेल्या गोऱ्या लोकांची कीव केली. मग मी पापड मोडला आणि तिला गणिताच्या टेस्टचं विचारलं. बारा वर्षं मी हेच करत आलोय. गोष्ट तोंडाशी आली की विषय बदलायचा.

बारा वर्षांपूर्वी मी अल क्वोजच्या कामगार कॅम्पात राहायचो. कंपनी बांधकामाची, मी साइटवर टाइमकीपर, म्हणजे कोण कधी आला, कधी गेला, कुणाची खोली कुठली, याची कागदपत्रं माझ्याकडे. शिकलेला म्हणून खोलीत मला मान होता. मुलगी तेव्हा वर्षाची होती, बायकोबरोबर सिंधुदुर्गात आमच्या गावी. मला नुकतंच ऑफिसात घेतलं होतं, फॅमिली व्हिसाचे कागद आत गेले होते. दोन महिन्यांत दोघी येणार होत्या, इन्शाल्ला. मी दिवस मोजत होतो.

खोलीत आठ जण. सात आम्ही कोकणातले, त्यातले चौघं तर एकाच गावचे. त्यांच्यात सगळ्यात वडीलधारे म्हणजे काका, पाइपफिटर, खोलीत त्यांचा शब्द चालायचा. आठवा माणूस नवा आला. मराठवाड्यातला, शटरिंगचा सुतार, चाळिशीचा. ज्याला त्याला "पाव्हणं" म्हणायचा, म्हणून आम्ही त्यालाच पाव्हणं म्हणायला लागलो. मला मात्र तो दादा म्हणायचा, वयानं मोठा असून.

पाव्हण्यांना एक खोड होती. दिसेल त्याचं कौतुक करायचं. कुणी नवा शर्ट घातला, "वा, लई भारी दिसतंय!" कुणी शिडीवर चढला, "काय चपळ माणूस हाय!" काकांनी माशाचं कालवण केलं तर पहिल्या घासाला पाव्हण्यांचे डोळे पाणावायचे. "काका, हाताला चव हाय तुमच्या. अशी चव म्या कुठं खाल्ली नाय." असं तोंडभर बोलणारा माणूस आमच्याकडे नसतो. आमच्याकडे मूल गोरंगोमटं असलं तरी "काय मेलं काळं माकड" म्हणून पापा घेतात. तोंडावर कौतुक केलं की आमच्या माणसाला आधी धडकीच भरते. पाव्हण्यांना कुठून कळणार हे? त्यांच्या घरी चांगल्याला चांगलं म्हणत असावेत.

त्यांना यायला सहा आठवडेही झाले नव्हते आणि खोलीला जणू साडेसाती लागली. चपळ म्हटलेला पोरगा शिडीवरून घसरला, मनगट मोडलं. नव्या शर्टवाल्याच्या मेडिकलमध्ये छातीच्या फोटोत डाग निघाला, त्याला गावी पाठवलं. त्यानंतर काकांना ताप आला, तो उतरेचना. दहा दिवस. काका गोधडीत कुडकुडत पडलेले आणि बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. कुणीतरी म्हणालंच मग, "ह्या घाट्याची नजर बरी नाय रे."

काकांनी पाव्हण्यांची ट्रंक उघडायला लावली. ते समोर उभे होते, स्वतःच किल्ली काढून दिली. कपडे, घरच्यांचा फोटो, हनुमानाची तसबीर. तळाला प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत सात-आठ लिंबं. काळीकुट्ट, सुकून खुळखुळा झालेली, आणि प्रत्येकाला भोकं पाडलेली. बरोबर एक खिळा.

मनगट मोडलेला पोरगा भिंतीला जाऊन टेकला. काका तापातही उठून बसले. "करणी," ते म्हणाले. "तोंडाक गोड आणि पोटात ह्या!"

आता ऐका. ती लिंबं मी दिली होती.

पाव्हण्यांचं पोट कायम बिघडायचं. आमच्या इराकी फोरमननं मला कधीतरी शिकवलं होतं, इथली काळी लिंबं, लुमी म्हणतात त्यांना, भोकं पाडून पाण्यात उकळायची आणि ते पाणी प्यायचं, की पोट बरं, खलास. इथल्या कुठल्याही ग्रोसरीत मिळतात, मसाल्यांच्या शेजारी. पाच दिरहॅमची पिशवी, म्हणजे तेव्हाचे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. ती मीच आणून पाव्हण्यांच्या हातात ठेवली. भोकं पाडायला खिळाही मीच दिला, स्टोअरमधला, आणि पहिल्या लिंबाला भोक पाडून दाखवलं, असं करायचं म्हणून. पाव्हणं म्हणाले, "दादा, लई मोठ्या मनाचं माणूस तुम्ही."

एक वाक्य पुरलं असतं. "अहो काका, ही पोटाची लिंबं, मीच आणली." चार जण हसले असते. काकांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या. पण मी त्या तोंडांकडे बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. नाही हसले तर? भोकं पाडलेली लिंबं मी दिली म्हटल्यावर सगळं माझ्यावर आलं तर? चौघं एका गावचे, माझ्या गावापासून दोन कोसांवर. संध्याकाळपर्यंत फोन गेले असते. तिकडे माझी बायको विहिरीवर जाते, तान्ही पोर काखेत. तिला कुणी पाण्याला हात लावू दिला नसता. हे सगळं मी एका क्षणात मनात रंगवलं आणि मूग गिळून गप्प बसलो.

"खंयसून हाडलंस ही?" काकांनी विचारलं.

पाव्हण्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाले, "ग्रोसरीतनं. पोटासाठी हायेत, काका. उकळून पितो म्या."

"कोणी सांगलान तुका?"

"असंच. कळलं कुठनं तरी."

माझं नाव घेतलं नाही त्यांनी. मी सांगेन म्हणून वाट बघत होते की मला वाचवत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं तर कळून घ्यायचंच नव्हतं.

काकांनी ठरवलं, देवाला विचारू. आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. देवाच्या उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, चोरी, आजार, सगळं विचारतात. आमचे गुरवकाका पक्के. कुणाच्या नावाचा कौल निघाला तर तो देवळाची पायरी उतरायचा नाही, ज्यानं विचारला त्यालाच सांगायचे.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी अंघोळी करून सगळे खालच्या बंकवर दाटीवाटीनं बसले. इथं साधा व्हिडिओ कॉल लागत नाही, माझ्या फोनवर एक अ‍ॅप होतं. फोनचा स्पीकर फुटका, म्हणून कानात इअरफोन घालून मीच बोलायचं ठरलं. तिकडे गुरवकाकांनी फोन नारळाला टेकवून देवासमोर ठेवला. गाभाऱ्यात दुसरं कुणी नव्हतं.

पाव्हणं दाराशी उभे होते. मला वाटलं होतं ते चिडतील, नाही म्हणतील. ते म्हणाले, "लावा कौल, दादा. देव खोटं बोलायचा नाय. माझाबी नमस्कार सांगा त्याला." आणि तिथूनच हात जोडले.

गाऱ्हाणं सुरू झालं. मी ऐकून ऐकून मोठ्यानं म्हणायचो आणि खोलीतले "होय म्हाराजा" म्हणायचे. कॉटखाली चपला, दोरीवर ओले बनियन, आणि अल क्वोजच्या खोलीत होय म्हाराजा. गुरवकाकांनी प्रश्न विचारला, खोलीतल्या आजाराला आणि अपघाताला हा माणूस कारण आहे काय? स्क्रीनवर पाकळ्या दिसत होत्या. आणि चित्र अडकलं. सगळे माझ्या खांद्यावरून वाकून त्या अडकलेल्या देवाकडे बघत राहिले.

आवाज मात्र चालू होता. माझ्या एकट्याच्या कानात. गुरवकाका म्हणाले, "डावी पडली रे. ह्या माणसाचा कायएक नाय हेच्यात." थोडं थांबून म्हणाले, "मगे आता दुसऱ्या कोणाचा नाव घेवया? खोलीत आणखी कोण कोण असा?"

दुसऱ्या कुणाचं नाव. खोलीत सहा नावं उरली होती, आणि लिंबं आणणाऱ्याचं नाव त्यात होतं. देव खरं बोलत होता हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. खरं बोलणारा देव पुढच्या प्रश्नालाही खरंच बोलणार.

"काय पडला?" काकांनी विचारलं.

"उजवी," मी म्हणालो.

मग फोनमध्ये घाईघाईनं म्हटलं, "पुरे गुरवकाका, समजलं," आणि कट केला.

नंतर मी स्वतःला किती समजावलं! देवाची उजवी म्हणजे बघणाऱ्याची डावी. समोरून बघताना माणूस चुकतो. फोनमध्ये आणखी गोंधळ. आपल्याला नीट दिसलं नाही. पण मी बघितलं कुठं होतं? मी ऐकलं होतं. गुरवकाकांनी स्वच्छ शब्दांत माझ्या कानात सांगितलं होतं. ते पुढच्या वर्षी गेले. त्यांच्याबरोबर हे ठाऊक असलेला दुसरा माणूसही गेला आणि मला, देवाशपथ सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. इतका हलकट झालो होतो मी.

पाव्हण्यांचं ताट त्याच दिवशी वेगळं झालं. त्यांनी चिरलेली भाजी कुणी खाईना. चौथ्या दिवशी काकांनी मला सांगितलं, ह्याला खोलीतून काढ. खोली बदलायचा फॉर्म मीच भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, वैयक्तिक. दुसऱ्या अमिरातीतल्या साइटवर, दुसऱ्या कॅम्पात, ओळखीचा एक माणूस नाही.

जायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक बसपर्यंत उचलून दिली. तेवढंच काय ते माझं शौर्य. बसजवळ मी म्हणालो, "पाव्हणं, लिंबांचं मी सांगायला हवं होतं."

"जाऊ द्या, दादा. तुमची बायकापोरं यायचीत. तुमचं नाव कशाला घ्यायचं?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण लिंबाचं सोडा. देवानं कामून असं सांगितलं असंल हो?"

या प्रश्नाला उत्तर होतं माझ्याकडे. बसचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करत होता. मी म्हणालो, "काळजी घ्या."

तीन दिवसांनी काकांचा ताप उतरला. क्लिनिकमध्ये पाच इंजेक्शनं झाली होती, पण ती कुणाच्या लक्षात नव्हती. "बघ," काका म्हणाले, "तो गेलो आणि ताप उतरलो."

मुलगी चार वर्षांची असताना ते मला करामात भेटले. सुट्टीचा दिवस, भाजीच्या दुकानाबाहेर. खूप वाळले होते. माझ्या कडेवर मुलगी, लाल फ्रॉक, दोन शेंड्या. मी वाट बघत होतो. हा माणूस आता म्हणणार, वा, काय गोड पोर हाय. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली.

"घ्या की," मी तिला पुढे केलं.

ते मागे सरकले. खरंच एक पाऊल मागे गेले. "नको दादा. माझं तुम्हाला ठाव हाय ना. म्या लेकरांना घेत नाय आता. घरच्यांनाबी नाय. गावी शांत केली, पूजा केली, पण देवानं सांगितलेलं कसं फिरायचं?"

त्या दिवशी मी तिथं, भर रस्त्यात, सांगायला हवं होतं. मी त्यांचा नंबर घेतला आणि त्यांना चहा पाजला. चहा!

पुढे ते कायमचे गावी गेले. दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतात. गेल्या वर्षी नात झाली. त्यांच्या स्टेटसला नातीचे फोटो असतात. नात आजीच्या मांडीवर, नात मामाच्या खांद्यावर. ते स्वतः मागे उभे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी ते फोटो बघतो आणि शाबासकीच्या अंगठ्याची खूण पाठवतो.

परवा शनिवारी मुलीचा चार्ट पूर्ण झाला. मी खळ लावून चित्रं चिकटवत होतो. ती शेवटचा परिच्छेद वाचून दाखवत होती. खटल्यात दुसऱ्यांची नावं सांगायला लावायचे, छळ करून, आणि नावातून नाव निघत जायचं. मग ती म्हणाली, "बट द सॅडेस्ट पार्ट, बाबा? सम ऑफ देम स्टार्टेड बिलीव्हिंग इट. दे रिअली थॉट दे वेअर विचेस."

माझा हात थांबला. चित्र वाकडं चिकटलं. "बाबा! इट्स क्रुकेड!"

"बस जरा," मी म्हणालो. आणि तिला सांगितलं. लिंबांपासून, सगळं. एवढंसं काही वगळलं नाही, माझ्या कानातला आवाज नाही आणि मी म्हटलेला शब्दही नाही. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं होतं, म्हणजे बायकोही ऐकत होती. तेरा वर्षांच्या मुलीसमोर मान खाली घालून बसायची लाज काय असते, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

तिनं हातातला कागद खाली ठेवला. मग मराठीत म्हणाली, "बाबा, तू?"

घरात कधी मराठी न बोलणारी पोर. मी उठलो, गॅलरीत गेलो आणि फोन लावला. रिंग वाजताना मनात अजूनही चाललं होतं, नाही उचलला तर बरं. इतक्या वर्षांची सवय अशी एका दिवसात जात नाही.

त्यांनी लगेच उचलला. "दादा! आज सणबिण नसताना?" मागं कुठंतरी बाळ कुरकुरत होतं.

मी हवापाण्याचं काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा तिथंच अडकलो असतो. म्हणालो, "पाव्हणं, तो कौल डावा होता. गुरवकाकांनी मला कानात सांगितलं होतं, तुमचा काही संबंध नाही म्हणून. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. लिंबांचं माझ्यावर येईल म्हणून घाबरलो. देवानं तुमच्याबद्दल काही वाईट सांगितलेलं नाही. कधीच नाही."

फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितला. सेकंद पुढे जात होते. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या. त्यांनी मला आईबहिणीवरून घातल्या असत्या तर मी फोन कानाला लावून उभा राहिलो असतो.

"बारा वर्सं झाली," ते शेवटी म्हणाले. फक्त तेवढंच. माफ केलं नाही, रागावले नाहीत. मग, खूप हळू, "खरं सांगताय ना, दादा? आता तरी?"

"मुलीची शपथ."

"मंग नातीला घेऊ म्या?"

"घ्या," मी म्हणालो.

त्यांनी फोन बंद केला नाही, तसाच कुठंतरी खाली ठेवला. मला ऐकायचा अधिकार नव्हता, तरी मी ऐकत राहिलो. "आण गं तिला हिकडं," ते म्हणाले. बाईमाणसाचा आवाज, "अवो, तुम्ही?" काहीतरी पडल्याचा आवाज. बाळाचं कुरकुरणं जवळ आलं आणि थांबलं. मग पाव्हण्यांचा आवाज, फाटलेला, पण मी तो कुठंही ओळखला असता.

"बघ की, काय डोळे हायेत हिचे! लई भारी. लई भारी हाय माझी बाय."